दोष सगळ्या मच्छीमारांवर नका टाकू

वर एका भाऊंनी लिहिलं का कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड (समुद्री मासा) तिथल्या कोळ्यांच्या हावेपायी संपला. अर्धीच गोष्ट आहे ही. 1968 मधे तिथं 8 लाख टनांच्या वर कॉड काढला, तो बहुतेक बाहेरदेशच्या मोठ्या ट्रॉलरनं (जाळं ओढत नेणारं जहाज), मग 1977 ला कॅनडानं किनाऱ्यापासून 200 मैलांपर्यंतची मासेमारी आपल्या हाती घेतली आणि कॅनडाचेच ट्रॉलर सुरू झाले. किनाऱ्यावरचे छोट्या होडीवाले तर 1980 नंतर सांगत होते का मासा कमी अन् बारीक येऊन राहिला. पण सरकारी अंदाज बराचसा ट्रॉलरच्या आकड्यांवर टेकलेला, आणि ट्रॉलर जातो तो जिथं झुंड गोळा झाली तिथंच, म्हणून आकडा भरलेलाच दिसायचा! जुलै 1992 ला कॉड धरायवर बंदी आली, 30 हजारांच्या आसपास लोकांचं काम एका झटक्यात गेलं.

मला हे वाचताना आमचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आठवते. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले ढिवर, म्हणजे मासे धरणारे, माझे आजोबा कितीतरी वर्षं म्हणत होते का बेशरमनं (पाण्याकाठचं माजणारं झुडूप) काठ भरला, गावरान मासा अंडी घालाले जागाच नाही राहिली. मच्छीमार संस्थेच्या मीटिंगमधे उत्तर काय, तर रोहू-कतल्याचं बीज टाकू, उत्पादन वाढलं ना कागदावर. मरळ, शिंगूर हे गावरान मासे जाळ्यात येणं बंद झालं ते कोणी मोजलंच नाही. शेवटी गावच्या बायांनी चिखलात उतरून बेशरम उपटली, तीन उन्हाळे लागले, मग कुठं मरळची पिल्लं काठाले दिसली.