मदत हवी आहे: वॉटर रिटेन्शनचे आकडे जुळत नाहीत (महापे, तातडीचं)

लेपनकर: एकाच बादलीतला कोटिंग कलर (कागदावर लावायचा लेप), वॉटर रिटेन्शन म्हणजे तो पाणी किती धरून ठेवतो याची चाचणी. ग्रॅव्हिमेट्रिक पद्धत: कपातल्या कलरवर दाब द्यायचा, मेम्ब्रेनमधून (सच्छिद्र पातळ पडदा) खालच्या ब्लॉटरमध्ये (टिपकागद) गेलेलं पाणी तोलायचं. 10 मिली नमुना. पाच वेळा केलं: 87.5, 112.5, 100, 137.5, 125 ग्रॅम प्रति चौरस मीटर. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट द्यायचा आहे. काय चुकतंय?

रबाळे_लॅब: दाब किती, वेळ किती? कलरचे सॉलिड्स (घन भाग), तापमान? मेम्ब्रेन कोणतं? यातलं काहीच दिलं नाहीये.

मऊशाई: सीएमसी (कलर घट्ट करणारा सेल्युलोजचा पदार्थ) 0.3 भागाने वाढवा. पाणी धरून ठेवेल, आकडे खाली येतील.

रबाळे_लॅब: @मऊशाई, आकडे जास्त आहेत अशी तक्रारच नाही, ते विखुरलेत. शिवाय सीएमसी वाढवला की व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) चढते आणि ब्लेडवर, म्हणजे लेप सपाट करणाऱ्या पात्यावर, ताण येतो.

लेपनकर: 1.5 बार, 90 सेकंद. सॉलिड्स 64%. मेम्ब्रेन 5 मायक्रॉन पॉलिकार्बोनेट, नेहमीचंच. तापमान खोलीचं.

कागदपारखी: मेम्ब्रेनची चकाकणारी बाजू कलरकडे आहे ना? पाकिटात मधे रंगीत कागद असतात, ते मेम्ब्रेन समजून लावले जातात. दोन मेम्ब्रेन चिकटूनही येतात.

लेपनकर: बाजू बरोबर आहे, एकच लावतो.

तराजू: आकडे नीट बघा, सगळे 12.5 च्या पटीत आहेत. कपाचं क्षेत्रफळ 8 चौ. सेंमी, म्हणजे ग्रॅममधला फरक गुणिले 1250. तुमचा काटा 0.01 ग्रॅमचा आहे का? तसं असेल तर त्याची एक पायरीच 12.5. दोन वजनांची वजाबाकी केली की दोन्हीकडच्या चुका एकत्र येतात. 0.001 चा काटा घ्या, 0.0001 चा असेल तर उत्तम.

लेपनकर: हो, 0.01 चाच आहे. पण 50 चा फरक एवढ्यानेच?

तराजू: नाही, उरलेला ब्लॉटरमुळे. तुकडा 1 ग्रॅमचा धरला तर 1% ओल म्हणजे 10 मिलिग्रॅम, पुन्हा 12.5. पावसाळ्यात खिडकी उघडी असेल तर तो हवेतली ओल पितो. ब्लॉटर बंद डब्यात ठेवा, पहिलं वजन झालं की लगेच लावा, दाब सोडताच उचलून तोला. एक कोरी चाचणीही करा: कलर न घालता, तेवढाच वेळ.

रबाळे_लॅब: आणि कलर 25 अंशांवर आणा. उबदार कलर पातळ असतो, पाणी लवकर सोडतो. फेस असेल तर तोही आधी बसू द्या.

चकाकी75: मुळात ही चाचणीच अपुरी आहे. ब्लॉटरवर तुमचा बेस पेपर (ज्यावर लेप लावायचा तो कागद) दिसतच नाही. बेस पेपरवर कलर ओढा आणि 75 अंश कोनाच्या ग्लॉस मीटरवर चकाकी कधी पडते ते सेकंदात मोजा. त्या क्षणी वरचं पाणी आत शिरलेलं असतं आणि लेप बसू लागतो.

तराजू: ते बसण्याचं मोजमाप, हे पाणी सोडण्याचं. दोन्ही लागतात, पण विचारलं काय आहे ते बघा.

मऊशाई: बेस पेपरचा कॉब (तो किती पाणी शोषतो तो आकडा) किती आहे?

लेपनकर: कॉब नंतर देतो. शेजारच्या लॅबमधून 0.001 चा काटा आणला. कोऱ्या चाचणीत ब्लॉटर 4 मिलिग्रॅमने जड झाला. ते 4 वजा करायचे ना?

तराजू: वजा करू नका. ब्लॉटर एसीखाली ठेवून कोरी चाचणी पुन्हा करा, फरक 1 मिलिग्रॅमच्या आत आला की मगच कलर घाला.