मदत हवी आहे : घोडे राखणाऱ्या ‘रँग्लर’साठी मराठी शब्द

अमेरिकेतील पशुपालकांच्या जीवनावरील एका कथेचे भाषांतर करताना ‘रँग्लर’ या शब्दापाशी अडलो आहे. ‘रँगल’ म्हणजे हुज्जत घालणे. केंब्रिजमधील जुन्या जाहीर वादसभांमुळे तेथे गणितात प्रथम वर्ग मिळवणारा रँग्लर ठरला आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथराव परांजप्यांमुळे ही उपाधी मराठीत इतकी रुळली, की तोच शब्द ठेवल्यास वाचकाला गणितज्ञच आठवेल. येथे मात्र काउबॉयांचे राखीव घोडे हाकून आणणारा, सांभाळणारा माणूस अभिप्रेत आहे. ‘गुराखी’ गाईगुरांचा, ‘मोतद्दार’ तबेल्यातला, तर ‘चाबुकस्वार’ घोड्याला चाल शिकवणारा. त्यामुळे तिन्ही पटले नाहीत. शब्द संवादांतही येत असल्याने संस्कृतातून घडवलेली संज्ञा (अश्वपाल वगैरे) चालणार नाही. मोकळ्या माळावर घोड्यांचा कळप राखणाऱ्यासाठी एखाद्या बोलीत, विशेषतः धनगर समाजात, रूढ शब्द आहे का?