मदत हवी आहे: ग्रामसभेत बोलायचंय, सुरुवात कशाने करू?

मंडळी, मी रावेर तालुक्यातला, घरची केळी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत छतावरचं पाणी विहिरीत सोडण्याचा विषय मांडायचाय.

ॲरिस्टॉटलने पटवण्याचे तीन मार्ग सांगितलेत: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क. तर्क तयार आहे. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर ७० हजार लिटर. थोडं वाया जाईल, तरी बरंच उरतं. पण मागच्या वेळी नुसते आकडे वाचले, तर मागची रांग तंबाखू मळत बसली होती.

भावनेचं म्हणाल, तर बोअर आटल्याने बाग मोडलेले एक काका समोरच बसतील. त्यांचं उदाहरण दिलं तर सभा हलेल, पण त्यांना चारचौघांत उघडं पाडल्यासारखं होईल का? आधी विचारावं म्हणतो, पण धीर होत नाही.

खरी अडचण विश्वासाची. वय २४, त्यात आमच्याच विहिरीवर अजून काही केलेलं नाही. ‘आधी तुझ्या घरचं कर’ म्हणाले तर काय सांगू? हे मीच आधी कबूल करावं, की आबांना दोन शब्द बोलायला लावावं? गावच्या सभेत बोललेल्यांनी सांगा.