घंटेतला कोमल गंधार
कॅरिलॉन म्हणजे मनोऱ्यात टांगलेल्या, सुरात लावलेल्या अनेक घंटांचं वाद्य. सिनेमाची गाणी वाजवली की त्याची शान जाते, असं कुणी म्हणतं, ते मला अजिबात पटत नाही. बेल्जियम-नेदरलँड्समध्ये ते भरचौकातलंच वाद्य, लोकांच्या ओठांवरची गाणी त्यावर पूर्वीपासून वाजतात. खरी अडचण घंटेच्या स्वरातच आहे. एकच घंटा वाजवली तरी तिच्या षड्जासोबत कोमल गंधारही ऐकू येतो, म्हणून उदास चाली तिच्यावर खुलतात आणि शुद्ध गंधाराच्या आनंदी चाली जरा खटकतात. १९८५च्या सुमारास नेदरलँड्समध्ये मुद्दाम शुद्ध गंधाराच्या घंटाही ओतल्या गेल्या.

आमच्या जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची घांट ऐकताना मी तंबोऱ्याला लावावा तसा कान लावतो. टोल विरला तरी खालचा गुंजारव कितीतरी वेळ उरतो! कॅरिलॉनवरही वाजलेला स्वर दाबायची सोय नसते, तेव्हा द्रुत लयीचं गाणं नकोच.