जळगाव विमानतळ ते ओझर (नाशिक) विमानतळ, गाडीने किती वेळ धरायचा?

मेहरुणकर: राम राम मंडळी. साडूभाऊ बाराच्या सुमारास जळगावला विमानाने उतरणारेत, त्यांना कुसुंब्याहून (जळगावचं विमानतळ तिथेच आहे) घेऊन घरी सोडायचं आणि तीच गाडी घेऊन वडिलांना संध्याकाळी सहाच्या फ्लाइटला ओझरला पोचवायचं असा प्लॅन आहे. एका साइटवर अंतर २०० किमी दाखवतंय, म्हणजे तीन तासात होईल ना? ड्रायव्हर म्हणतो नाही होणार.

धुळ्याचा भो: ड्रायव्हरचं ऐका भो. ते २०० हवाई अंतर आहे, सरळ रेघ मारून काढलेलं, अशा साइटी खाली "विमानाने ४५ मिनिटं" पण लिहून मोकळ्या होतात. रस्त्याने पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव करत सव्वादोनशेच्या वरच जातं. आणि कुसुंबा पडलं अजिंठा रोडला, म्हणजे धुळ्याकडे निघायला आधी अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक, खोटे नगर सगळं पार करा, दुपारी तिथेच अर्धा तास गेला समजा. एकूण साडेचार तास धरा, जेवण वेगळं. धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा हायवे चांगलाय, फक्त मालेगावजवळ अन् चांदवडच्या राहुड घाटात ट्रकांच्या मागे अडकायचं होतं.

रावेरची केळी: रेल्वेने न्या ना काकांना. जळगाव-नाशिकरोड २३३ किमी, मेल एक्सप्रेसने साधारण साडेतीन तास. पण नाशिकरोडहून ओझर परत उलटं यावं लागतं, पाऊण तास टॅक्सी. सामान कमी असेल तरच परवडेल.

सिल्लोडकर पाहुणा: तिकीट काढायच्या आधी चिकलठाणा (संभाजीनगरचं विमानतळ) का नाही बघितलं? जळगाव विमानतळावरून नेरी, पहूर, फर्दापूर, सिल्लोड करत दीडशेच्या आसपास, जळगाव शहरात शिरायचंच काम नाही. फर्दापूरच्या पुढचा अजिंठा घाट अन् संभाजीनगरातली गर्दी धरून साडेतीन तास लागतात.

धुळ्याचा भो: जळगाववाल्यांना चिकलठाणा बरोबरे, आम्हाला धुळ्याहून ओझरच बरं, अडीच तासात पोचतो. पण मेहरुणकर, हिशोब बघा. साडूभाऊ सामान घेऊन बाहेर यायला साडेबारा, घरी सोडून निघायला एक, ओझरला साडेपाच. चेक-इन काउंटर बहुतेक तासभर आधी बंद होतं. काका बाहेरच राहतील.

मेहरुणकर: तिकीट नॉन-रिफंडेबल आहे म्हणून ओझरच. रेल्वे नको, वडिलांचे गुडघे दुखतात, जिने नाही जमणार. मग असं करतो, गाडी दहालाच वडिलांना घेऊन निघेल. साडूभाऊंना आणायला पुतण्या जाईल बाईकवर, बॅग रिक्षात. बायको चिडलीये, पाहुण्याला बाईकवर आणतात का म्हणे.

रावेरची केळी: वहिनींना सांगा कुसुंबा ते तुमचं मेहरुण जवळच आहे 😄 आणि काकांना धुळ्याच्या अलीकडेच जेवू घाला, नंतर थांबायला मन होत नाही.