माझा पहिला नंबर 'साबर बोंडं'ला

2025 मध्ये मराठी सिनेमात 'दशावतार'शिवाय काही नव्हतं, हे मला अजिबात पटत नाही. त्यातला ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री मलाही फार आवडला. पण माझा पहिला नंबर रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला, आणि तो अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाच्या पारितोषिकामुळे नाही. वडील गेल्यावर आनंद सुतकाचे दहा दिवस गावी काढतो, त्याचा बालमित्र बाल्या त्याच्यासाठी बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आणतो. बस, एवढंच. पार्श्वसंगीतसुद्धा नाही!

नाशिकच्या कॉलेज रोडला आईसोबत पाहिला. पडद्यावर बोंडं दिसताच ती हळूच म्हणाली, "सिन्नरला बांधावरची तोडायचो आम्ही, जिभा लालभडक व्हायच्या." घरी आल्यावर तिने आजोबांच्या रामकुंडावरच्या दहाव्याची सगळी हकिकत मला पहिल्यांदाच सांगितली.