शेतीला दिवसा वीज: पैसा वाहिनीच्या सौर प्रकल्पात घालावा की एकेका सौर पंपात?

तारमार्ग

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यात सध्या दोन योजना बरोबरीने चालू आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (२०२३) मध्ये ३३/११ केव्ही उपकेंद्राच्या (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या केंद्राच्या) आसपास सौर प्रकल्प उभारून त्याची वीज ११ केव्हीवरच कृषी वाहिन्यांना (शेतीच्या फीडरना) दिली जाते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) भरायचे, बाकी अनुदान, आणि पंप ग्रिडशी (वीज कंपनीच्या जाळ्याशी) न जोडता स्वतंत्र चालतो.

माझं म्हणणं असं की जिथे तारा आधीच पोचल्यात तिथे सरकारी पैसा वाहिनीतच जावा. ५ एचपीच्या सौर पंपाला ४,८०० वॉटची पॅनेल लागतात. त्यांच्यातून वर्षाला ७,००० युनिटच्या आसपास वीज निघू शकते. पण पावसाळ्यात पंप बंद, पीक निघालं की बंद. १५० दिवस, रोज २० युनिट धरले तरी ३,००० युनिट वापरात आले. बाकी ४,००० कुणाच्याच कामी येत नाहीत. तीच पॅनेल वाहिनीवर असती तर जुलैतली वीज शेजारच्या गावठाण फीडरला (गावातल्या घरांच्या वाहिनीला) गेली असती.

घरगुती ग्राहकाचाही इथे थेट संबंध आहे. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ मोफत वीज आहे, आणि त्यापोटी तिजोरीतून वर्षाला सुमारे १४,७६० कोटी जातात. त्याशिवाय उद्योग आणि दुकानांच्या दरात क्रॉस सबसिडी (शेतीची वीज स्वस्त ठेवायला इतरांवर टाकलेला जादा भार) आहेच. वाहिनी योजनेच्या निविदांत २.८६ ते ३.१० रुपये असा दर आला, तोही २५ वर्षांसाठी. शेतीची वीज या दराने मिळाली तर दोन्ही बाजूंचा भार उतरतो.

विहीर_बागायत

मुद्दा कागदावर बरोबर, शिवारात नाही. वाहिनीवरचा सौर प्रकल्प ग्रिडच्या आधाराने चालतो. ११ केव्हीचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणजे ऊन लख्ख आहे, प्रकल्प शेजारी आहे, पण जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलाय म्हणून पाणी नाही. डीपी (शेताजवळचं रोहित्र) जळाली तर दुसरी येईपर्यंत उभं पीक करपतं. स्वतंत्र पंपाला ना डीपी, ना वाहिनी, ना विजेची पाळी.

वाया जाणाऱ्या ४,००० युनिटांवर उपाय आहे. युनिव्हर्सल कंट्रोलर बसवला तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, लहान शीतगृह चालतं. केंद्राच्या कुसुम योजनेत त्याला मान्यताही आहे. अनुदान तिथे वाढवा.

शिवाय नवीन जोडणीचा हिशेब तुम्ही धरलाच नाही. शेवटच्या खांबापासून अर्धा-पाऊण किलोमीटर लांब विहीर असेल तर खांब, तार, रोहित्र आणि पुढची देखभाल हा खर्च शेवटी सगळ्या ग्राहकांच्या दरात येतो.

रोहित्र६३

दोघांनीही उपकेंद्र विसरलंय. अडचण तिथे आहे. आकड्यांनी सांगतो.

समजा उपकेंद्रात ५ एमव्हीएचा (एमव्हीए म्हणजे एकूण भार, मेगावॅट म्हणजे त्यातला कामी येणारा) एक ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येकी २ मेगावॅटच्या चार कृषी वाहिन्या. पाळी पद्धतीत दोन वाहिन्या दिवसा, दोन रात्री. म्हणजे एका वेळी ४ मेगावॅट. पंपांचा पॉवर फॅक्टर (एकूण भारापैकी कामी येणाऱ्या विजेचं प्रमाण) ०.८ धरला तर बरोबर ५ एमव्हीए. ट्रान्सफॉर्मर काठोकाठ भरला.

आता चारही वाहिन्या दिवसा घ्या. भार ८ मेगावॅट आणि ६ एमव्हीएआर रिअॅक्टिव्ह (मोटरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज). भर दुपारी प्रकल्प ५ मेगावॅट देतोय, म्हणजे ग्रिडकडून ३ मेगावॅटच हवेत. सगळं ठीक वाटतं. पण अशा प्रकल्पांचे इन्व्हर्टर सहसा युनिटी पॉवर फॅक्टरवर चालवतात, रिअॅक्टिव्ह देत नाहीत. ते ६ एमव्हीएआर सगळे ट्रान्सफॉर्मरमधूनच येणार. ३ आणि ६ यांचा मेळ (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) घातला की ६.७ एमव्हीए होतात. लख्ख उन्हात ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड! व्होल्टेज पडतं, मोटर जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग जळतं, आणि दोष सौर प्रकल्पावर येतो.

हाच हिशेब प्रत्येक पंपाला कपॅसिटर (रिअॅक्टिव्ह वीज जागीच पुरवणारा डबा) असताना करून बघा. ८ मेगावॅट म्हणजे ५ एचपीचे साधारण १,७०० पंप. प्रत्येकी २ केव्हीएआर म्हणजे ३.४ एमव्हीएआर जागीच मिळाले. उरले २.६. आता ट्रान्सफॉर्मरवर ४ एमव्हीएच्या आत भार. काही शे रुपयांच्या डब्याने हा फरक पडतो.

मग आभाळ भरून येतं, किंवा साडेचार वाजता प्रकल्प दीड मेगावॅटवर उतरतो. साडेचारचा उपाय सोपा आहे. दोन वाहिन्या ८ ते ४ आणि दोन १० ते ६ अशा ठेवायच्या. भरून आलेल्या दुपारी मात्र कपॅसिटर असूनही एक गट बंद ठेवावाच लागेल, नाहीतर दुसरा ट्रान्सफॉर्मर. तो खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवा.

दरपत्रक

ग्राहकाच्या बिलाच्या बाजूने बोलतो. ३ रुपयांना सौर युनिट मिळालं म्हणून बिल तितकं उतरतं हा समज चुकीचा आहे.

औष्णिक केंद्राशी करार असतो त्यात दोन आकार असतात. एक स्थिर, दुसरा इंधनाचा. सौर युनिट आलं की कोळशाचं एक युनिट कमी घेतलं जातं. वाचतो फक्त इंधनाचा आकार. मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त इंधनाचं केंद्र आधी, महाग शेवटी या क्रमात) ज्या केंद्राचं इंधन महाग, लांबून येणारा कोळसा, ४-५ रुपये युनिट, ते मागे घेतलं तर फायदा. पण दुपारी राज्यभर एकदम सौर वीज आली की महागडी केंद्रं आधीच ५५ टक्क्यांच्या तांत्रिक किमान पातळीवर आलेली असतात आणि संध्याकाळसाठी ती चालू ठेवावी लागतात. मग खाणीजवळचं दोन-सव्वादोन रुपयांचं युनिट मागे घेऊन ३ रुपयांचं सौर घेतलं जातं. हा तोटा आहे. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चुकत नाही, हे दाभोळच्या (एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या) ७४० मेगावॅटने १९९९ ते २००१ मध्ये राज्याला दाखवलंय.

आणि टंचाई दुपारी नसतेच, संध्याकाळी ६ ते १० असते. कोयनेचं वीज बनवायला पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधलंय. त्यातला प्रत्येक थेंब संध्याकाळसाठी राखायला हवा. घाटघरच्या २५० मेगावॅट उदंचन (पाणी वर चढवून ठेवून नंतर त्यावर वीज बनवणाऱ्या) प्रकल्पातही पाणी वर चढवायचं काम रात्रीऐवजी दुपारी व्हावं. साठवणुकीशिवाय नुसते सौर प्रकल्प वाढवत नेले तर मोठा उद्योग ग्रीन ओपन अॅक्सेसने (हरित वीज दुसऱ्या उत्पादकाकडून थेट घ्यायची सोय, २०२२ पासून १०० किलोवॅटलाही मुभा आहे) स्वतःची स्वस्त वीज घेऊन बाहेर पडेल आणि क्रॉस सबसिडी भरायला घरगुती १०१ ते ३०० युनिटवालाच उरेल. त्या टप्प्याचा दर (वहन आकार सोडून) पहिल्या शंभर युनिटांच्या दुपटीहून जास्त आहे. त्याच्या बाजूने कोण बोलणार?

तारमार्ग

@दरपत्रक, इंधन आकाराचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष नाही. शेतीचा भार दिवसा आला म्हणजे दुपारची मागणीही तितकीच वाढली. नवीन सौर वीज त्या वाढलेल्या मागणीलाच जाते, खाणीजवळचं केंद्र खाली ढकलत नाही. उलट रात्रीच्या पाळीत शेतीला जी कोळशाची वीज जायची ती वाचते. तोटा होईल तो पावसाळ्यात, जेव्हा पंप बंद आणि सौर चालू असेल. पण जुलै-ऑगस्टात ढगांमुळे सौर उत्पादनही खाली असतं.

आणखी एक फायदा बिलाशी निगडित आहे. लाखो पंपांना मीटर नाही, आकारणी एचपीवर होते. वापर अंदाजाने काढला जातो आणि गळती त्या अंदाजात लपू शकते. वीज नियामक आयोगाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२० मध्ये हेच तपासलं होतं. सौर वाहिनीवर प्रकल्पाचा मीटर वेगळा, वाहिनीचा मीटर वेगळा. शेतीत किती गेली हे दर महिन्याला युनिटमध्ये दिसतं. गळती शेतीच्या नावावर टाकता आली नाही की ती दरवाढीतही मागता येत नाही.

विहीर_बागायत

मीटरचा मुद्दा चांगला आहे, तो मी खोडत नाही. पण @रोहित्र६३ यांच्या हिशेबाचा पाया प्रत्येक पंपाला चालू कपॅसिटर हा आहे, आणि तो शिवारात टिकत नाही. आकारणी एचपीवर असताना किंवा वीज मोफत असताना कपॅसिटर लावून शेतकऱ्याचा एक रुपयाही वाचत नाही. त्यात ऑटोस्विच. वाहिनी चालू झाली की डीपीवरचे सगळे पंप एका क्षणात सुरू होतात. ६३ केव्हीएच्या डीपीला ८४ अँपिअर सोसतात. ५ एचपीचे आठ पंप चालताना ८० च्या आत बसतात, पण डायरेक्ट स्टार्टरने एकदम सुरू झाले तर सुरुवातीला पाच-सहापट करंट ओढतात. फ्यूज उडतो, मग कोणीतरी त्या जागी जाड तार बांधतो, आणि पुढच्या वेळी डीपीच जाते. ही शिस्त योजना कशी आणणार ते सांगा. तोवर लांबच्या विहिरीला स्वतंत्र पंपच द्या.

रोहित्र६३

लांबच्या विहिरीबद्दल दुमत नाही. वाहिनीवरच्यांसाठी शिस्त अशी आणता येते:

कपॅसिटर शेतकऱ्याने विकत घेण्यावर सोडू नका, प्रकल्पाच्या खर्चात धरा. ३ एचपीला १, ५ एचपीला २, ७.५ एचपीला ३ केव्हीएआर. जोडणी स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. स्टार्टरच्या अलीकडे जोडला तर रिकाम्या वाहिनीवर व्होल्टेज चढतं आणि कपॅसिटर फुगून जातो. बहुतेक ‘टिकत नाही’ म्हणतात ते यामुळे. ज्यांच्याकडून होणारच नाही त्यांच्यासाठी उपकेंद्रात ११ केव्हीवर कपॅसिटर बँक ठेवा. त्याने ट्रान्सफॉर्मर वाचेल, पण वाहिनीच्या टोकाचं व्होल्टेज सुधारणार नाही.

ऑटोस्विच काढा असं नुसतं सांगून कोणी काढत नाही. कारण वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. वेळ रोज तीच, १० म्हणजे १०, असं महिनाभर चाललं तर गरज आपोआप कमी होते. तोवर ऑटोस्विचसोबत वेळ लांबवणारा टायमर लावा. एका डीपीवरचे आठ पंप वीस-वीस सेकंदांच्या अंतराने सुरू झाले की सगळा खेळ तीन मिनिटांत आटोपतो. टायमरची वेळ वायरमनने डीपीनिहाय लावून स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहायची, म्हणजे पेटी बदलली तरी पुढच्याला कळतं.